नवव्या पायरीची रेघ

मर्लिन तुस्कानो दर जानेवारीत नववीच्या फळ्यावर दोन रेघा काढत असे. एक लाल, खालून वर चढणारी, ती माणसांची. दुसरी निळी, वरून खाली उतरणारी, ती पाण्याची. दोन्ही जिथे एकमेकींना छेदत, तिथे ती खडूने ठसठशीत ठिपका द्यायची आणि वर्गाकडे वळून म्हणायची, "हे आपण. आज इथे उभे आहोत."

सव्वीस वर्षं तोच ठिपका. आवाज कधी चढायचा नाही. रागावण्याआधी "बरं" म्हणायची सवय होती, आणि ते "बरं" ऐकलं की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबायची. शाळेत कुठलाही नळ गळताना दिसला की पर्समधून चिंधी काढून त्याला आवळून बांधायची. मुलांनी तिचं नाव 'चिंधी टीचर' ठेवलं होतं. ते तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

रेघा काढून झाल्या की फुटाण्यांचा खेळ. चार मुलं एका टेबलाभोवती, मधे ताटलीत वीस फुटाणे. प्रत्येकाने हवे तेवढे घ्यायचे. ताटलीत जेवढे उरतील तेवढेच टीचर पुन्हा घालणार. दहा उरले तर आणखी दहा. काहीच नाही उरलं तर खेळ खलास. दर वर्षी खेळ पहिल्याच फेरीत खलास व्हायचा. या वर्षी तो मितेशने केला. टीचर "घ्या" म्हणायच्या आत त्याने ताटली आपल्याकडे ओढून अर्धे फुटाणे तोंडात कोंबले, उरलेले खिशात.

"बरं. मितेश, का रे असं?"

"टीचर, मी नाही घेतले तर सोनू घेणार," मितेश भरल्या तोंडाने म्हणाला. "त्याचा हात बघा केवढा हाय!"

वर्ग हसला. मर्लिनही हसली. चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडी हे वाक्य तिला गोडच वाटायचं. त्याच्यापासूनच तर धडा सुरू करायचा होता.

धड्याचा उरलेला भाग वर्गात नव्हता. तो निर्मळ गावात, तिच्या आळीतल्या बावखलात होता.

बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. हे कोणी खणलं ते कोणालाच ठाऊक नाही, पण पाच वाड्या त्यावर जगत आल्या. केळी, मोगरा, वेलावरच्या भाज्या. एका काठाला घडीव दगडाच्या पायऱ्या, आणि नवव्या पायरीच्या बाजूला भिंतीत बसवलेला, थोडा पुढे आलेला काळा दगड. त्या दगडावर छिन्नीने मारलेली एक आडवी रेघ. पाणी उतरून ती रेघ उघडी पडली की पाचही वाड्यांची पाणी ओढायची इंजिनं बंद. मग पावसापर्यंत फक्त हंडे, कळश्या. कागद नाही, सही नाही, दंड नाही. कोणीतरी सकाळी काठावरून ओरडायचं, "रेघ दिसली रे!" की झालं.

मर्लिन लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला हात धरून त्या पायऱ्या उतरवल्या होत्या. "ह्या रेघेच्या वरचं पाणी आपलं," ते म्हणाले होते. "खालचं समुद्राचं. आपण खाली गेलो की तो वर येतो. एकदा पाणी मचूळ झालं की तुझ्या नातवंडांनाही गोड मिळायचं नाही." बाराही महिने डोक्याला टॉवेल बांधणारा तो माणूस शाळेत चौथीपर्यंतच गेला होता. मर्लिनने पुढे सव्वीस वर्षं नववीला जे शिकवलं, ते बहुतेक त्याचंच.

नाताळच्या सुट्टीनंतर तिची नववीची मुलं दर सोमवारी बावखलाचं पाणी मोजायची. मोजायची रीतही जुनीच. लांब बांबू पाण्यात सोडायचा, दगडाच्या माथ्यावर टेकवायचा, वर काढून ओला भाग मोजायचा. रेघेवर पाणी किती, एवढंच गावाला हवं असायचं. वरून किती पायऱ्या कोरड्या पडल्या हे कोणी कधी मोजलं नाही. कशाला मोजायचं? सगळं त्या रेघेवरून ठरायचं.

या वर्षीच्या गटात खुशी होती. खुशी पेडणेकर, दीड वर्षापूर्वी परळहून आलेली, रस्त्यापलीकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहणारी. बारीक चणीची, प्रश्न विचारताना उगाच वेणी ओढणारी. आळीतली मुलं तिला 'बिल्डिंग' म्हणायची. टीचरच्या लाल रेघेकडे बघून मितेश एकदा मोठ्याने म्हणाला होता, "खुशे, ही तू!" आणि वर्ग खिदळला होता. मर्लिनने "बरं" म्हटलं होतं. पण रेघ लालच राहिली होती, आणि ठिपक्याच्या वरच्या बाजूला खुशीनेच बसायचं, हे त्या दिवशी ठरून गेलं होतं.

खुशीला पाण्याची भीती वाटायची. बांबू धरायला ती पुढे जायचीच नाही. वरच्या पायरीवर उभी राहून ती कोरड्या पायऱ्या मोजायची आणि वहीत लिहायची. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी तिच्या वहीत दोन आकडे आले. गटाचा: रेघेवर पाणी एक वीत. तिचा स्वतःचा: कोरड्या पायऱ्या अकरा.

मर्लिनने वही तपासताना अकराभोवती लाल गोल काढला.

"खुशी, रेघ नवव्या पायरीशी आहे. पाणी तिच्यावर वीतभर. मग कोरड्या पायऱ्या अकरा कशा होतील? आठ फार तर."

"मी दोनदा मोजल्या, टीचर."

"तिसऱ्यांदा मोज. आणि रेघेवरूनच मोजायचं. इथली रीत आहे ती."

खुशीने वेणी ओढली. "पण टीचर, रेघच हलली असेल तर?"

"दगड काय चालत जातो?" मितेश म्हणाला. "परळला चालतात वाटतं!"

या वेळी मर्लिनने "बरं"सुद्धा म्हटलं नाही. हसू दाबायला ती फळ्याकडे वळली. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःची तीच पाठ आठवत राहिली.

पुढच्या सोमवारी खुशीने पुन्हा अकरा लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ. 'आमच्याकडे टँकरचं पाणी आता खारट लागतं. आई म्हणते डाळ शिजत नाही.'

त्या ओळीपाशी मर्लिनचं लाल पेन थांबलं.

रविवारी दुपारी, सगळी आळी जेवून पडलेली असताना, ती एकटी बावखलावर गेली. चपला वर काढल्या आणि लहान मुलासारखी मोठ्याने मोजत उतरली. एक, दोन, तीन. नवव्या पायरीवर ती थांबली. बाजूच्या भिंतीत जिथे काळा दगड असायला हवा होता, तिथे सिमेंटचा चौकोनी लपका होता, भोवतालच्या शेवाळी दगडांत पांढरट, एखाद्या जखमेवर घाईने पट्टी चिकटवावी तसा. ती पुढे उतरली. दहा. अकरा. आणि खाली, गढूळ पाण्याच्या वीतभर आत, बाराव्या पायरीच्या अंगाला, तोच दगड. तीच रेघ.

दहावी, अकरावी, बारावी पायरी तिने जन्मात पाहिली नव्हती. त्या गाळाखाली होत्या. गेल्या मे महिन्यात गाळ उपसला तेव्हा उघड्या पडल्या. आणि तो गाळ उपसायचा सोहळा केवढा झाला होता! जेसीबीला हार, काठावर मांडव, 'बावखल वाचवा' असा फलक. फलकावरची अक्षरं मर्लिनने स्वतः रंगवली होती. तिच्या नववीच्या मुलांनी टोपल्या वाहिल्या होत्या. तिचा थोरला दीर कॉन्रॅड, पाच वाड्यांच्या समितीचा प्रमुख, उन्हात घामाघूम होऊन सगळ्यांना कोकम सरबत वाटत होता. आणि ती टाळ्या वाजवत होती.

त्याच गर्दीत, त्याच टाळ्यांत, दगड निघाला होता आणि तीन पायऱ्या खाली गेला होता. पावसाने पायऱ्या झाकल्या. आता सगळी आळी 'रेघ दिसली' या हाकेची वाट बघत होती, आणि रेघ दिसणारच नव्हती.

तिने ओंजळीत पाणी घेऊन तोंडात धरलं. जिभेच्या मागच्या बाजूला ती चव चढली. मीठ म्हणावं तर मीठ नाही, गोड म्हणावं तर गोड नाही, पितळेच्या जुन्या कडीला जीभ लावावी तशी. ती थुंकली. पुन्हा थुंकली. चव गेली नाही.

कॉन्रॅडच्या वाडीला निळ्या पत्र्यांचं कुंपण झालं होतं. पत्र्यांमागून इंजिनाची धडधड आणि डिझेलचा वास. कुंपणाच्या फटीतून टँकरचं ढुंगण दिसत होतं, आणि त्यात सोडलेला जाडजूड पाइप. हे तिने पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही. आळीत सगळ्यांनी पाहिलं होतं. बोलायचं तेवढं नव्हतं.

कॉन्रॅड ओटीवर बसून सुकेळी बांधत होता. वाळवलेल्या राजेळी केळ्यांची ही त्याची खासियत. दर वर्षी पहिली जुडी मर्लिनची. माणूस प्रेमळ, चर्चच्या गायनात त्याचा खर्जाचा आवाज घुमायचा, मर्लिनच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसलेला. त्याच्या वाडीत आता केळीच्या तीन ओळी उरल्या होत्या. सुकेळीची केळी तो बाहेरून आणत होता, हे तिला आज पहिल्यांदा सुचलं.

"ये, ये. तुझी जुडी तयारच आहे."

"दादा, दगड कोणी हलवला?"

त्याचे हात थांबले नाहीत. "हलवला कुठे? जेसीबीचा दात लागला, निखळला. मग परत बसवायला नको?"

"तीन पायऱ्या खाली?"

"खोली वाढली ना आता. पाणी वाढलं, तर रेघ खाली नको? तूच सायन्सची माणूस."

"खोली वाढली म्हणून समुद्र खाली सरकत नाही, दादा."

"पाची वाड्यांनी मिळून ठरवलं."

"श्रीपतदादांना विचारलं?"

"त्याला काय विचारायचं? चांदीपवाला तो."

श्रीपत पाटील आपल्या सासऱ्याची, पाचांतलीच एक, वाडी सांभाळायला चांदीपहून निर्मळला आला, त्याला चाळीस वर्षं झाली होती.

"म्हणजे चार वाड्या," मर्लिन म्हणाली. "तुमची, अल्पेशची, फ्लॉईडची. चौथी?"

कॉन्रॅडने जुडीला शेवटची गाठ मारली. "सेबॅस्टियनची सही आहे."

सेबॅस्टियन तिचा नवरा.

"हे बघ मर्लिन," कॉन्रॅड समजुतीच्या सुरात म्हणाला, "पाणी ओढलं कोणासाठी? ह्या बाहेरच्या लोकांसाठीच ना? बिल्डिंगी आल्या, माणसं आली, त्यांना पाणी लागतं. तूच शिकवतेस, लोकसंख्या वाढली की असं होतं. आणि मी नाही दिलं तर अल्पेश देणार. मग मीच का नाही?"

मर्लिनला फुटाण्यांनी भरलेलं एक तोंड आठवलं. ते चौदा वर्षांचं होतं. हे सदुसष्ट वर्षांचं, आणि तिचाच धडा तिच्याच अंगावर ओकत होतं. समोरची चकचकीत तपकिरी सुकेळी तिला एकाएकी काहीतरी मेलेलं, वाळलेलं, दोरीने बांधलेलं असावं तशी दिसली.

"जुडी घेऊन जा."

"नको," ती म्हणाली. अडतीस वर्षांत ती त्याच्या ओटीवरून पहिल्यांदा रिकाम्या हाताने निघाली.

घरी सेबॅस्टियन रेडिओ उघडून बसला होता. कुठलीही बिघडलेली वस्तू उघडून बसायची, आणि माणसांमधलं बिघडलेलं काहीही उघडायचं नाही, असा त्याचा स्वभाव.

"सही कशावर केलीस?"

"कसली सही?"

"सेबॅस्टियन."

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "दादाने कागद पुढे केला. मी चष्मा शोधत होतो. दादा म्हणाला, चष्म्याची गरज नाही."

"आणि मिळालं काय आपल्याला?"

त्याने वर छताकडे पाहिलं. या वर्षी गच्चीवरची टाकी एकदाही रिकामी झाली नव्हती. मर्लिनला वाटलं होतं, आपण काटकसर करतो म्हणून. त्या टाकीच्या पाण्याने तिने आज सकाळी केस धुतले होते. ओट्याजवळ जाऊन तिने आपल्याच नळाला बांधलेली चिंधी पाहिली. थेंब थेंब वाचवणारी चिंधी. तिला इतकी शिसारी आली की तिने ती सोडून केराच्या टोपलीत टाकली, आणि मग नळ गळायला लागला म्हणून पुन्हा उचलून बांधली.

सोमवारी ती वर्गात गेली ती थेट फळ्यापाशी. कोपऱ्यातल्या त्या लाल-निळ्या रेघा अजून तशाच होत्या. तिने लाल रेघ पुसली.

"खुशी, उभी राहा. तुझा आकडा बरोबर होता. माझा लाल गोल चुकीचा होता. वही आण, तुझ्यासमोर खोडते."

वर्गात कोणी हसलं नाही. मितेश सोनूच्या कानात पुटपुटला, "म्हणजे दगड खरंच चालला?"

"चालला नाही, मितेश. चालवला," मर्लिन म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं, आणि कॉन्रॅड प्रमुख पाहुणा होता, दर वर्षीसारखाच. मधल्या दिवसांत मर्लिनने दोनदा समितीकडे निरोप धाडला: दगड परत वर बसवा, इंजिनं आत्ताच थांबवा, एप्रिलपर्यंत पाणी हाताबाहेर जाईल. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला अल्पेश स्कूटरवर आला, गाडी बंद न करता म्हणाला, "टीचर, कशाला घरातलं बाहेर काढता? रेघ दिसली की करू की बंद," आणि गेला. त्याचा गंभीर चेहरा बघून तिला हसू आलं असतं, जर किळस आली नसती तर.

राहता राहिला तो प्रदर्शनासाठीचा तक्ता. खुशीने काढलेला. बारा पायऱ्या, शेजारी भिंत, नवव्या पायरीशी तुटक रेघांनी काढलेला दगड, बाराव्याशी पक्का काळा दगड. खाली फक्त आकडे आणि तारखा. मर्लिनने तो स्वतः दारासमोर टांगला. सेबॅस्टियन खिळे घेऊन आला होता. तक्ता वाचून तो म्हणाला, "वरचा खिळा नीट नाही बसला," आणि आणखी एक खिळा ठोकला.

कॉन्रॅड आला, पांढरा शर्ट, गळ्यात मुलींनी घातलेला मोगऱ्याचा हार. दारातच त्याची नजर तक्त्यावर पडली आणि सरकली. मग तो व्यासपीठावर चढून बोलला. पूर्वजांनी खणलेल्या बावखलाबद्दल बोलला. बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांबद्दल बोलला. "आपलं पाणी आपल्याला सांभाळायचं आहे," म्हणताना त्याचा खर्जाचा आवाज भरून आला, आणि तो खोटा भरला नव्हता. मर्लिनला त्यातच सगळ्यात जास्त घाण वाटली. माणूस खोटं बोलत असता तर बरं, इतकं खरं वाटून बोलत होता. पहिल्या रांगेच्या कडेला खुशी हात मागे बांधून उभी होती. लोंढा.

पाहुण्याला बावखलाचं पाणी द्यायची शाळेची रीत मर्लिननेच पाडली होती. गाळून, उकळून, गार करून, स्टीलच्या पेल्यात. या वर्षी बाटल्या आणा म्हणून तिला सुचवलं गेलं होतं. तिने आणल्या नव्हत्या.

"खुशी," ती म्हणाली, "पाहुण्यांना पाणी दे."

खुशीने दोन्ही हातांनी पेला पुढे केला. सगळं सभागृह बघत होतं. कॉन्रॅडने पेल्यात पाहिलं, मर्लिनकडे पाहिलं. मग पेला तोंडाला लावून अर्धा प्याला. त्याच्या गळ्याची घाटी एकदा अडली, खाली गेली.

"गोड!" तो म्हणाला. "आपलं ते आपलं!"

टाळ्या पडल्या.

पेले फिरले. अल्पेशने एक घोट घेतला, मिशी पुसली, "चांगलं आहे की." फ्लॉईडने मान डोलावली. शेजारच्या बाईने पेला ओठांना लावल्यासारखं केलं आणि हसून खाली ठेवला. एकामागून एक मोठी माणसं ते पाणी गिळत होती आणि एकमेकांकडे न बघता बरं बरं म्हणत होती. मर्लिनने त्यातल्या निम्म्यांना शिकवलं होतं. कोणाचं अक्षर कसं, कोणाला गणितात किती, सगळं तिला पाठ होतं. चाळीस पोरं रांगेत उभी राहून हा पाठ बघत होती, आणि हा तिच्या सव्वीस वर्षांच्या धड्यांहून पक्का बसणार होता.

मागच्या रांगेत श्रीपत होता. आखूड धोतर, मांडीवर टोपी. त्याने पेला घेतला, घोट तोंडात घोळवला. उठला. सगळ्यांच्या मधून चालत खिडकीपाशी गेला आणि बाहेर खच्चून थुंकला. एवढ्या मोठ्याने की बाहेरचा कावळा उडाला.

"मचूळ हाय हे पानी," तो म्हणाला. "कॉन्रॅडभाव, तू गिळलास कसा रं?"

मुलांच्या रांगेतून फस्सकन हसू फुटलं, मितेशचं सगळ्यात आधी.

"श्रीपत, बस खाली," कॉन्रॅड म्हणाला. "तुला काय कळतं इथल्या पाण्याचं?"

"चाळीस वर्सं पितोय. तुज्या पोरांपेक्षा जास्त पिलंय." श्रीपत तक्त्यापाशी गेला होता. त्याने बोटाने पायऱ्या मोजल्या, नवव्या पायरीवर बोट ठेवलं. "ही खून कोनी केली?"

"मी," खुशी म्हणाली.

"बरोबर हाय, बाय. माजा सासरा इथं बसायचा, पाय पान्यात सोडून." मग त्याचं बोट खाली बाराव्या पायरीवर गेलं आणि तिथेच राहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा चिडलेला नव्हता. ताटात काहीतरी वळवळताना दिसावं तसा होता. "दगूड हलवला तुमी. दगूड."

मर्लिनने आपला पेला उचलला, एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर तोच पेल्यात परत थुंकला. अडतीस वर्षांत तिला कोणी थुंकताना पाहिलं नव्हतं. "मचूळ आहे," ती म्हणाली. "आणि सही आमच्या घरची पण आहे."

दुसऱ्या दिवशी श्रीपत, मर्लिन आणि पहार घेऊन सेबॅस्टियन असे तिघं बावखलावर गेले. श्रीपत कंबरभर पाण्यात उतरला, सेबॅस्टियनने नवव्या पायरीचा लपका फोडला. दोन वाड्यांमधून माणसं काठावर आली, हात मागे बांधून बघत राहिली, आणि शेवटी त्यांतल्या दोघांनी दगडाला बांधलेला दोर धरला. दगड पुन्हा आपल्या जागी बसला. रेघ आता पाण्याच्या दोन-तीन पायऱ्या वर, कोरडी, सगळ्यांना दिसेलशी.

"रेघ दिसली रे!" श्रीपत ओरडला.

सेबॅस्टियनने घरी जाऊन इंजिनाचा पट्टा काढला. निळ्या पत्र्यांमागची धडधड मात्र थांबली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. ती थांबली अकरा दिवसांनी, आणि लाजेने नव्हे. रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगींनी खारं पाणी घ्यायचं बंद केलं, टँकर दुसऱ्या गावाकडे वळले, म्हणून. खुशीच्या आईनेच सोसायटीत पहिल्यांदा तक्रार केली होती. 'बाहेरच्यांनी' नाक मुरडलं तेव्हा कुठे आळीचं बावखल सुटलं.

पाम संडेला, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, चर्चच्या सूचना-फलकावर एक फोटो लागला. समितीचे सदस्य नवव्या पायरीवर, काळ्या दगडाशेजारी. मधोमध कॉन्रॅड, दगडावर हात ठेवून. खाली ओळ: 'पूर्वजांची रेघ आम्ही पुन्हा बसवली.' मर्लिनने ती दोनदा वाचली. हातातली झावळी तिच्या मुठीत कधी चुरगळली ते तिला कळलं नाही. प्रार्थनेनंतर कॉन्रॅड हसत पुढे आला, हातात कागदात गुंडाळलेली जुडी.

"अजून राग आहे?"

"राग नाही, दादा," ती म्हणाली. "मला नुसतं खायला नको वाटतं." आणि हे तिने इतक्या साधेपणाने म्हटलं की त्याचा हात तसाच पुढे राहिला.

पाऊस झाला, बावखल भरलं, नाताळ आला, गेला. जानेवारीत नवी नववी पायऱ्यांवर आली. खुशी आता दहावीत, पण मोजायची रीत शिकवायला मर्लिनने तिला मुद्दाम बोलावलं होतं. बांबू बाजूला पडून होता.

"वरून मोजायचं," खुशी नव्या मुलांना सांगत होती, "आणि दोनदा. आणि दगड जागेवर आहे का, ते आधी बघायचं."

वर्गातल्या फळ्यावर या वर्षी लाल रेघ नव्हती. निळी होती, आणि तिच्या शेजारी मर्लिनने पाच वाड्यांची नावं लिहिली होती, आपली पहिली.

मुलं मोजत असताना ती चपला काढून खाली उतरली, पाण्याशी वाकली, ओंजळभर घेतलं, तोंडात धरलं. खारटपणा गेल्या वर्षीहून थोडा कमी. पण जिभेच्या मागे तीच पितळी चव. तिने बाजूला थुंकून ओठ पुसले.

"टीचर, वहीत काय लिहू?" एका मुलीने विचारलं.

"कोरड्या पायऱ्या किती?"

"सहा."

"सहा लिही," मर्लिन म्हणाली. "आणि पुढे लिही, मचूळ."